खाली दुकानाचा पत्ता

पुरवणीतली पानभर जाहिरात, इन्स्टावरचं 'पेड पार्टनरशिप', फोटोशॉपमध्ये बारीक केलेली कंबर... हे सगळं आपल्याच काळातलं, असं वाटतं ना? मग दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या पॅरिस-लंडनची ही रंगीत चित्रं बघाच!

रविवारची सकाळ. चहाचा दुसरा कप. पेपर बाजूला, आधी पुरवणी हातात. पान उलटलं की समोर ती उभी. पैठणीचा पदर असा काही सोडलेला, की तिला लग्नाला जायचंय की लग्न तिच्याकडे यायचंय तेच कळू नये. पानभर फोटो, मजकूर जेमतेम दोन ओळी. आणि तळाला बारीक अक्षरांत दुकानाचा पत्ता, शाखा, पार्किंगची सोय. आपण 'हं' म्हणतो आणि पान उलटतो. पण पानाने त्याचं काम चोख केलेलं असतं. दुपारी जेवताना कुणीतरी म्हणतंच, "अगं, तो रंग पाहिलास का?"

आता जरा सीन बदलू या. साल साधारण १८५५. फ्रान्समधलं कुठलंही लहानसं गाव. टपालाने बाईसाहेबांचं मासिक आलंय. मासिक कसलं, मोजकी पानं आणि बारीक टाइप. पण आत एक सुटा जाड कागद आहे आणि सगळा जीव त्या कागदात आहे. त्यावर बागेत उभ्या दोन बायका. एकीचा झगा निळा, दुसरीचा गुलाबी, घेर दारात मावणार नाही एवढा. चित्राखाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत एक ओळ: झगा अमक्या मादामचा, टोपी तमक्या मादामची, कॉर्सेट या गल्लीतला, हातमोजे त्या गल्लीतले, अत्तर फलाण्या पेढीचं.

थोडक्यात काय, तळाला दुकानाचा पत्ता!

या रंगीत कागदाला म्हणायचे 'फॅशन प्लेट'. प्लेट म्हणजे छपाईचा पत्रा. तांब्याच्या, पुढे पोलादाच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, शाई भरायची, कागदावर दाबून ठसा घ्यायचा आणि मग त्यात हाताने रंग भरायचे. एकोणिसावं शतक संपेपर्यंत युरोप-अमेरिकेतल्या बायकांनी काय घालावं हे या कागदांनी ठरवलं. आज ती चित्रं फ्रेम करून कॅफेच्या भिंतींवर लावतात, 'व्हिंटेज' म्हणून विकतात. पण ती मुळात भिंतीसाठी नव्हतीच. ती होती जाहिरात.

दर पाच दिवसांनी नवा लुक

सुरुवात राजेशाहीच्या पॅरिसमध्ये. १७७८ पासून 'गालरी दे मोद' नावाने फॅशनची सुटी चित्रं तिथे निघू लागली. मारी आंत्वानेतच्या दरबारातले झगे आणि डोक्यावरचे ते मजल्यामागून मजले चढवलेले केस, सगळं त्यात. १७८५ मध्ये 'काबिने दे मोद' आलं. नियमित निघणारं, फॅशनलाच वाहिलेलं, वर्गणी भरून घरपोच मिळणारं हे पहिलं फ्रेंच नियतकालिक. त्याआधी बाहेरगावी फॅशन पोचायची ती कपडे घातलेल्या बाहुल्यांमधून. बाहुली बनवायची, सजवायची, पेटीत घालून देशोदेशी पाठवायची. त्यापुढे कागद किती स्वस्त आणि किती चपळ!

मग राज्यक्रांती झाली. राणीचं डोकं गेलं, फॅशन मात्र टिकली. १७९७ मध्ये 'ज्युर्नाल दे दाम ए दे मोद' सुरू झालं आणि ते थेट १८३९ पर्यंत चाललं. दर पाच दिवसांनी अंक. पाच! आपल्याकडे 'फास्ट फॅशन'वर परिसंवाद होतात आणि इथे नेपोलियनच्या काळात आठवडा संपायच्या आत नवा लुक हजर. प्रत्येक चित्राला क्रमांक आणि वर लिहिलेलं 'कॉस्त्युम पारिझियँ', म्हणजे पॅरिसचा पेहराव. एवढे दोन शब्द वाचले की उरलेल्या युरोपला आपले कपडे जुनाट वाटायला लागायचे. जाहिरातीचा पहिला फंडा हाच तर असतो: आधी तुमच्याकडे काय नाही ते दाखवायचं.

बातमी की जाहिरात?

लंडनवाले यात मागे कसे राहतील? १८०९ मध्ये रुडॉल्फ आकरमन या मूळच्या जर्मन गृहस्थाने 'रिपॉझिटरी ऑफ आर्ट्स' नावाचं मासिक काढलं. स्ट्रँड या गजबजलेल्या रस्त्यावर त्याचं चित्रांचं आणि रंगसाहित्याचं दुकान होतं. त्याने केलेली आयडिया आजही कुठल्याही मार्केटिंगवाल्याने टोपी काढावी अशी आहे. मासिकात तो कापडाचे खरेखुरे तुकडे चिकटवायचा. मलमल, रेशीम, छापील सुती कापड. शेजारी माहिती: हे कशासाठी वापरावं, कुठल्या दुकानात मिळेल. वाचणारीने बोट फिरवून पोत बघावा आणि दुकान गाठावं. ऑनलाइन साडी मागवताना आपण ज्यासाठी आजही तडफडतो ते आकरमनने दोनशे वर्षांपूर्वी घरपोच दिलं होतं.

त्याच सुमाराचं दुसरं मासिक 'ला बेल असाँब्ले'. नाव फ्रेंच, मासिक मात्र इंग्रजी. १८०६ मध्ये जॉन बेल या प्रकाशकाने ते सुरू केलं. काही वर्षांनी त्यातल्या फॅशनच्या पानांवर एक नाव वारंवार दिसू लागलं, मिसेस बेल. या बाईंचं लंडनमध्ये कपड्यांचं दुकान. अंकातला झगा मिसेस बेल यांनी 'शोधून काढलेला', टोपीही त्यांचीच, आणि मजकुरात दुकानाचं कौतुक ओसंडून वाहतंय. प्रकाशक बेल, दुकानवाली बेल. वाचकाने समजायचं ते समजावं. हल्ली याला 'अ‍ॅडव्हर्टोरियल' म्हणतात आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'जाहिरात' असं लिहायची निदान प्रथा तरी आहे. तेव्हा तेवढीही नव्हती.

अमेरिकेत याचा कळस झाला. फिलाडेल्फियाच्या लुई गोडी यांनी १८३० मध्ये काढलेलं 'गोडीज लेडीज बुक' १८६० पर्यंत दीड लाख प्रतींवर पोचलं. १८३७ पासून चाळीस वर्षं त्याच्या संपादक होत्या सेरा जोसेफा हेल. मेरीच्या कोकराची ती कविता आठवते ना, बालवाडीतली? ती या बाईंची. लेखिका, विधवा, पाच मुलांची आई आणि मुलींच्या शिक्षणाच्या खंद्या पुरस्कर्त्या. खुद्द त्यांना फॅशनच्या चित्रांचं फारसं प्रेम नव्हतं म्हणे, पण अंक खपायचा तो त्या चित्रांवरच. गोडीच्या पानांवर महिन्यामागून महिने न्यूयॉर्कच्या कॅनॉल स्ट्रीटवरच्या ब्रोडी यांच्या दुकानातले डगले आणि झूल यायचे, प्रत्यक्ष कपड्यावरून काढलेले, दुकानाच्या नावासकट. शिवाय सोय अशी, की तुम्ही दूर खेड्यात राहत असाल तर फॅशन विभागाच्या बाईंना पत्र लिहा, पैसे पाठवा. त्या थोडंसं कमिशन घेऊन खरेदी करून तुमच्या पत्त्यावर पाठवतील. चित्र बघा, ऑर्डर द्या, घरपोच घ्या. अ‍ॅप तेवढं नव्हतं!

दोन बायकाच का?

ही चित्रं ओळीने पाहिली की एक गंमत लक्षात येते. बहुतेक वेळा बायका दोन असतात. एकमेकींशी बोलतायत असं वाटतं, पण नजरानजर क्वचितच. एक आपल्याकडे तोंड करून, दुसरी पाठ करून किंवा तिरकी. कधी बाई एकच असते, पण मागे मोठा आरसा आणि त्यात तिची पाठ.

कारण साधं आहे. चित्र बघून तुमची शिंपीणबाई झगा शिवणार होती. तिला पुढचा गळा दिसायला हवा, तशा मागच्या चुण्याही. मध्ये एखादी छोटी मुलगी असेल तर मुलीच्या फ्रॉकचाही नमुना मिळाला. म्हणजे ते गोड कौटुंबिक दृश्य हा खरं तर कॅटलॉग होता, एका पानात तीन गिऱ्हाइकं उरकणारा.

पुरुष फार कमी वेळा. पियानो, बाग, समुद्रकिनारा, क्रोकेचं मैदान, आगगाडीचा प्रवास असं सगळं आहे, काम मात्र कुठेच नाही. कुणी भांडी घासत नाही, कुणाला घाम येत नाही. आणि कंबर? मुठीत मावेल एवढी. पावलं बाहुलीची, हात त्याहून लहान, खांदे उतरत्या छपरासारखे. अशी बाई जन्माला येत नाही, ती फक्त कागदावर येते. मग खऱ्या बाईने तिच्यासारखं दिसायचं तर कॉर्सेट आवळायचा. आणि तो कुठे मिळेल? चित्राखालची ओळ वाचा.

१८५६ मध्ये पोलादी कड्यांच्या क्रिनोलिनचं पेटंट निघालं आणि घेर आणखी फुगला. गंमत म्हणजे पाच-सहा परकर एकावर एक चढवण्यापेक्षा ही पिंजऱ्यासारखी चौकट हलकी, म्हणून बायका आधी खूशच होत्या. पण शेकोटीजवळून जाताना या घेराचा अंदाज चुकला की संपलंच. कपड्यांनी पेट घेऊन त्या काळात अनेक जणी गेल्या. चित्रांतल्या दिवाणखान्यांत शेकोट्या असायच्या, पण शोभेपुरत्या. त्यांच्या ठिणग्या कधी उडायच्या नाहीत.

तीन बहिणी आणि एक कुंचला

हे सगळं काढत कोण होतं? पॅरिसमध्ये या धंद्यातलं मोठं नाव ज्यूल दाविद. १८४३ मध्ये निघालेल्या 'ल मोनितर द ला मोद'साठी त्याने १८९२ मध्ये मरेपर्यंत चित्रं काढली. एका नोकरीत जवळपास पन्नास वर्षं!

पण खरी ऐकण्यासारखी गोष्ट कोलँ बहिणींची. चित्रकार अलेक्सांद्र कोलँच्या तीन मुली: एलोईज, अनाइस आणि लोर. तिघीही फॅशनची चित्रं काढून कमवायच्या. लग्नानंतर त्या झाल्या एलोईज ललवार, अनाइस तुदूझ आणि लोर नोएल. त्या काळातल्या कितीतरी उत्तम प्लेट्सच्या कोपऱ्यात यांच्यापैकी कुणाची तरी सही सापडते. अनाइसचा नवरा १८५४ मध्ये वारला. पदरात तीन मुलं, वय बत्तीस. तिने कुंचला खाली ठेवला नाही. एक मुलगा चित्रकार झाला, दुसरा कादंबरीकार आणि मुलगी इझाबेल आईच्याच धंद्यात आली. आजोबा, आई, लेक अशा तीन पिढ्या. मोठ्या कला-प्रदर्शनांत बायकांना दार किलकिलं असण्याच्या त्या काळात पोटापाण्याचं हे दार सताड उघडं होतं. कारण एकच, याला कुणी 'कला' म्हणत नव्हतं.

आणि मोठमोठ्या कलावंतांचं म्हणाल, तर तेही चोरून बघतच होते. बोदलेअरने १८६३ मध्ये आधुनिक चित्रकाराबद्दल जो गाजलेला निबंध छापला, त्याची सुरुवात जुन्या फॅशन प्लेट्सपासूनच होते. सेझानने १८७१ च्या सुमारास 'ला मोद इलुस्त्रे'मधल्या प्लेट्सवरून चक्क तैलचित्रं केली. आणि मालार्मे? फ्रेंच कवितेतलं हे भारदस्त नाव १८७४ मध्ये स्वतःच एक फॅशनचं मासिक चालवत होतं. बायकांची टोपणनावं घेऊन तो झग्यांवर आणि टोप्यांवर लिहायचा. आठ अंक निघाले, मग कारभार दुसऱ्यांकडे गेला.

आता कोपऱ्यात सही नसणाऱ्यांबद्दल. पत्रा कोरून झाला, काळा ठसा निघाला, की तो रंगवायला जायचा. रंगवणाऱ्या बहुतांशी बायका आणि मुली. पुढ्यात चिठ्ठा: झगा निळा, रिबन पिवळी, गाल गुलाबी. एकीने निळा भरायचा, कागद पुढे सरकवायचा, दुसरीने पिवळा. हेन्री फोर्डने मोटारींसाठी असेंब्ली लाइन आणली त्याच्या कितीतरी आधी ती या टेबलांवर चालू होती. गोडीकडे अशा दीडशे बायका कामाला होत्या असं सांगतात. महिन्याला लाखावर अंक आणि प्रत्येक अंकातला घेर हाताने रंगवलेला! त्यामुळे एकाच महिन्याच्या दोन प्रतींत निळा थोडा वेगळा दिसतो. जिचा हात भरून आला असेल तिचा निळा फिका.

पेपर स्वस्त, जाहिरात मस्त

हे झालं मासिकांचं. रोजच्या पेपरात हे कधी आलं? इथे एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं, एमिल द जिरार्दँ. याने १८२९ मध्ये 'ला मोद' हे फॅशनचं झकपक साप्ताहिक काढलं. त्यात गाव्हार्नीची चित्रं आणि बाल्झाकचे लेख. फॅशन, वाचक आणि दुकानदार यांचं त्रिकूट कसं जमतं हे त्याने जवळून पाहिलं आणि १८३६ मध्ये 'ला प्रेस' नावाचं दैनिक सुरू केलं. वर्गणी चाळीस फ्रँक. बाकीची दैनिकं घेत होती ऐंशी. निम्मी किंमत परवडली कशी? उरलेले पैसे जाहिरातदारांकडून. आज आपण जो पेपर रद्दीच्या भावात वाचतो आणि जी अ‍ॅप्स फुकट वापरतो, त्या गणिताचा पाया हा.

इंग्लंडमध्ये मात्र सरकार आडवं बसलेलं. पेपरातल्या प्रत्येक जाहिरातीवर कर. १८३३ पर्यंत साडेतीन शिलिंग, नंतर दीड. शिवाय पेपरावर मुद्रांक शुल्क, कागदावर वेगळा कर. मग कोण कशाला मोठं चित्र छापतंय? दुकानदार आपले स्तंभात दोन-चार ओळी कोंबायचे: नवं रेशीम आलंय, दर वाजवी. हे तिन्ही कर ओळीने गेले. जाहिरातीवरचा १८५३ मध्ये, मुद्रांक १८५५ मध्ये, कागदावरचा १८६१ मध्ये. आणि बांध फुटला. १८४२ पासून निघणाऱ्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'सारख्या सचित्र साप्ताहिकांत कपड्यांच्या जाहिराती वाढत गेल्या आणि शतकाच्या शेवटच्या दशकांत फॅशन प्लेटमधली ती बाई काळ्यापांढऱ्या रेघांत तिथे राहायला आली. कॉर्सेट, क्रिनोलिन, डगले, टोप्या, काही विचारू नका.

सगळ्यात थंड डोक्याचा धंदा सुतकाच्या कपड्यांचा. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८४१ मध्ये जे यांचं 'मोर्निंग वेअरहाऊस' उघडलं. मोर्निंग म्हणजे सकाळ नव्हे, सुतक. नवरा गेला तर बाईने किती महिने काळं क्रेप घालायचं, मग कधी जांभळट रंगावर यायचं, याचे काटेकोर नियम होते. जे यांची जाहिरात सांगायची, की घरात अचानक मृत्यू झाला तर फक्त कळवा. आमच्या अनुभवी शिवणकाम करणाऱ्या बाया माल घेऊन देशात कुठेही येतील, प्रवासखर्च आमचा. १८६१ च्या डिसेंबरात राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट गेला आणि सगळा दरबार काळ्यात बुडाला. मासिकांच्या प्लेट्सही काळ्या. पण कंबर तेवढीच बारीक आणि खाली दुकानाचा पत्ताही तसाच.

मध्यमवर्गापर्यंत हे नेलं सॅम्युएल आणि इझाबेला बीटन या तरुण जोडप्याने. नवऱ्याने १८५२ मध्ये दोन पेनीत बायकांचं मासिक काढलं होतं. १८६० च्या वसंतात दोघं पॅरिसला गेली आणि 'ल मोनितर द ला मोद'च्या मालकांशी करार करून आली. त्यांच्या प्लेट्स आता बीटनच्या मासिकात, सोबत कागदी बेत. किंमत सहा पेनी. दाविदचं चित्र पॅरिसला निघायचं आणि लंडनच्या उपनगरातल्या कारकुनाच्या बायकोच्या टेबलावर पोचायचं. इझाबेला स्वतः लिहायची, भाषांतर करायची, हिशोब बघायची. १८६५ मध्ये बाळंतपणात ताप येऊन ती गेली, तेव्हा ती फक्त अठ्ठावीस वर्षांची होती.

पुढच्या टप्प्यावर तर चित्राखालून दुकानच गायब झालं. १८६३ मध्ये अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने वेगवेगळ्या मापांचे तयार कागदी पॅटर्न विकायला काढले. पॅटर्न खपावेत म्हणून मासिक काढलं, मासिकात चित्रं. घरोघरी शिलाई मशीन येऊ लागलं होतंच, तेही हप्त्याने. आता चित्र म्हणत होतं: दुकानात जाऊ नका, हे घरीच शिवा. फक्त पॅटर्न आमचा घ्या!

आरशात कोण आहे?

इथपर्यंत सगळं रंगीत आहे. आता जरा कागद उलटून पाहू या.

१८६३ चा जून महिना. युवराज एडवर्डची नवी नवरी अलेक्झांड्रा लंडनला आलेली, तिच्यासाठी नाचाच्या मेजवान्या झडत होत्या आणि उमरावांच्या बायकांना झगे हवे होते, लगेच. रीजंट स्ट्रीटवर मादाम एलीज यांचं नामांकित शिवणघर. तिथे मेरी अ‍ॅन वॉकली नावाची वीस वर्षांची मुलगी कामाला. सलग साडेसव्वीस तास शिवणकाम, साठ मुलींबरोबर, एकेका खोलीत तीस जणी. झोपायला फळ्या ठोकून पाडलेले कोंदट कप्पे. शुक्रवारी ती आजारी पडली. रविवारी मेली. तिच्या सहकारी मुलीने टोपणनावाने 'टाइम्स'ला पत्र लिहिलं आणि लंडन हादरलं. डॉक्टरने साक्ष दिली, की जास्त तासांचं काम, गर्दीची खोली आणि हवा नसलेली झोपायची जागा याने ती गेली. पुढे कार्ल मार्क्सने 'भांडवल' ग्रंथात तिची हकीकत नावानिशी नोंदवली.

त्याच जुलैत 'पंच' साप्ताहिकात जॉन टेनियलचं व्यंगचित्र आलं. टेनियल म्हणजे 'अ‍ॅलिस'ची चित्रं काढणारा तोच. चित्रात एक श्रीमंत बाई नवा झगा घालून आरशासमोर उभी. दुकानदारीण शेजारी. रचना अगदी फॅशन प्लेटचीच, मोठ्या आरशासकट. पण आरशात बाईची पाठ दिसत नाही. दिसते ती गळून पडलेली, मेलेली शिवणकाम करणारी मुलगी.

आणि तो सुंदर हिरवा रंग? १८६१ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये माटिल्डा शॉयरर ही एकोणीस वर्षांची मुलगी वारली. टोप्यांवर, केसांत माळायची कागदी-कापडी फुलं करणं हे तिचं काम. पानांवर हिरवी पूड शिंपडायची, ती श्वासातून आत जायची. त्या हिरव्यात आर्सेनिक होतं, म्हणजे सोमल. मरण्याआधी तिच्या डोळ्यांचा पांढरा भागही हिरवा झाला होता. तशाच हिरव्या पानांचे गजरे त्या वर्षीच्या चित्रांतल्या बायकांनी डोक्यात माळलेले दिसतात. चित्रात ते फारच छान दिसतात.

फॅशन प्लेटच्या तळाला बघा. झगा कुणाचा, टोपी कुणाची, अत्तर कुणाचं, सगळ्यांची नावं. कोपऱ्यात चित्रकाराची सही, कधी कोरणाऱ्याचीही. रंग भरणारीचं नाव नाही. शिवणारीचं नाव नाही. मेरी अ‍ॅन आणि माटिल्डा यांची नावं पेपरात छापून आली ती त्या मेल्या तेव्हा.

आपली कोयरी, त्यांची पेस्ली

या गोष्टीत आपणही आहोत, बरं का. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्लेट्समध्ये बायकांच्या खांद्यावर हमखास दिसते ती काश्मिरी शाल, आणि अंगात पारदर्शक मलमल, जिचा मूळ नमुना बंगालचा. या शाली इतक्या महाग, की स्कॉटलंडच्या पेस्ली गावातल्या मागांवर त्यांच्या नकला निघू लागल्या. आपली कोयरी तिकडे 'पेस्ली' झाली. आज मॉलमध्ये 'पेस्ली प्रिंट'चा कुर्ता घेताना आपण आपलीच कोयरी दुसऱ्याच्या नावाने विकत घेत असतो.

उलट दिशेने मँचेस्टरचं कापड इकडे येऊ लागलं, तेव्हा ताग्यांवर रंगीत चित्रांची लेबलं चिकटवलेली असायची. देव, राजे, नटलेल्या बायका. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाने चित्र बघून छाप ओळखायची. नंतर इथल्या गिरण्यांनीही तेच केलं. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती भिंतींवर गेल्या आणि तशाच चित्रांनी मालाची लेबलं आणि कॅलेंडरंही भरली. तिकडे फॅशनची बाई कपडे विकत होती, इकडे देवीही त्याच कामाला लागली!

आणि फोटो आला

शतक संपता संपता पेपरात फोटो छापता येऊ लागले आणि हाताने रंगवलेल्या कागदाचे दिवस भरले. १९११ मध्ये एडवर्ड स्टायकेनने पॉल प्वारेच्या झग्यांचे फोटो काढले, ते आधुनिक फॅशन फोटोग्राफीची नांदी मानले जातात. तरी चित्रांनी चिवटपणे तग धरला. 'व्होग'च्या मुखपृष्ठावर पहिला रंगीत फोटो यायला १९३२ साल उजाडलं.

जुने कागद आता संग्रहालयांत आहेत. अ‍ॅमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियममध्ये, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये, लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयात हजारोंनी. बरेचसे नेटवर फुकट बघता येतात. एखाद्या शनिवारी रात्री रील्सऐवजी हे स्क्रोल करून बघा. वेळ तितकाच जाईल, याची गॅरंटी.

फक्त एक करा. चित्र मोठं करा आणि घेरावरच्या रंगाकडे नीट पाहा. कुठेतरी निळा रेघेच्या बाहेर गेलेला दिसेल, मिलिमीटरभर. तिथे कुणाचा तरी हात हलला होता. दिवसभरातला कितवा कागद होता कोण जाणे. तळाच्या ओळीत तिचं नाव नाही. तिची सही म्हणजे ती बाहेर गेलेली रेघ.

आणि पुढच्या रविवारी पुरवणीतली ती पैठणीवाली दिसली, की खालचा पत्ता जरूर वाचा. सेल असेल तर जाही. फक्त ती पैठणी कुठल्या मागावर, कुणाच्या हातून उतरली, हे काउंटरवर एकदा विचारून बघा. सेल्समन गोंधळेल. गोंधळू दे की!